पक्कडबाई

पक्कडबाई न सांगता कुणाच्या तोंडाला बोट लावत नसत. आमच्या अंध मुलींच्या वसतिगृहात याचं फार अप्रूप होतं. त्यांच्या आधीचे डॉक्टर 'आ कर' म्हणायचे आणि 'आ' पुरता व्हायच्या आत काहीतरी गार, टोकदार आत शिरायचं. डोळस माणसाला ते निदान येताना दिसतं, आम्हाला ते एकदम हिरडीवरच भेटायचं. दातांचे डॉक्टर आले म्हटलं की अर्ध्या मुली संडासात जाऊन कडी लावून घ्यायच्या.

बाईंचा दवाखाना जुन्या जालन्यात, स्टेशनच्या रस्त्याला होता. आमच्याकडे आल्या की त्या आधी हत्यारं हातात द्यायच्या: हा आरसा, ही सळई, ही पक्कड. हाताळलं की भीती जाते, असं त्यांचं मत. कसली जाते! पक्कड केवढी आहे ते कळल्यावर मुली आणखीच भोकाड पसरायच्या. तिथूनच हे नाव पडलं. ते कानावर गेल्यावर बाई हसल्या आणि पक्कड आधी स्वतःच्या मुठीत कोमट करून मग देऊ लागल्या. दुखणार नाही, असं मात्र त्या कधी म्हणाल्या नाहीत. "दुखंल. पण सांगून दुखंल," म्हणायच्या.

माझी भीती वेगळी होती. माझ्या उजव्या डोळ्यात थोडा उजेड होता. खिडकी कुठे आहे, समोरून कुणी गेलं का, एवढं कळायचं आणि त्या जोरावर मी मुलींमध्ये तोराही मिरवायचे. कुंभार पिंपळगावहून मला सोडायला आलेल्या मायनं जाताना एकच गोष्ट बजावली होती, "बाय, वरचा दात कुणाला काढू देऊ नको. डोळ्याच्या शिरा त्यालाच अस्तात." आमच्या गावात हे लहानथोर सगळ्यांना पाठ होतं. आणि किडला तो नेमका उजवीकडचा वरचा दात.

किडणारच. बोटानं समोरच्या दातांवर राखुंडी फिरवली की आमचं झालं. मागचे दात आहेत हे ते दुखेपर्यंत कुणाला आठवत नसे. मी डावीकडून चावायचे, लवंग दाबून धरायचे, बाई आल्या की तापाचं सोंग घ्यायचे. शेवटी शेजारच्या खाटेवरच्या मुलीनं चहाडी केली की हिच्या तोंडाला घाण वास येऊन राह्यला. तोवर सूज गालावरून डोळ्यापर्यंत चढली होती. पापणी उघडेना, खिडकी दिसेना. माझी पाचावर धारण बसली. दात तोंडात असतानाच उजेड चालला, मग काढल्यावर काय उरणार? बाईंनी सांगूनच बोट आत घातलं, तरी मी कडकडून चावले.

त्या रागावल्या नाहीत. मायचं म्हणणं त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. शिरा-बिरा काही नसतात, पण पू डोळ्याकडे सरकतोय, दात ठेवला तर डोळ्यालाच धोका आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं. उजेड राहील ना, मी विचारलं. एरवी फटकन उत्तर देणाऱ्या बाई थांबल्या.

"राहावा म्हणूनच काढून राह्यले," एवढंच म्हणाल्या.

बधिर करायची सुई दिल्यावर त्यांनी मला आपलं डावं मनगट धरायला दिलं. तू दाबलंस की मी थांबेन, हा करार. मी सारखी दाबत होते आणि त्या दरवेळी खरंच थांबत होत्या. पण बोटांखाली त्यांची नाडी धाडधाड उडत होती. बाईच भ्यायल्यात हे कळलं आणि माझं उरलंसुरलं अवसान गळालं. दात निघाला तेव्हा मी रडलेसुद्धा नाही, इतकी गार पडले होते.

मग सूज उतरायची वाट. बाई दवाखाना सोडून यायच्या, जखम धुवायच्या, सुई टोचायच्या. डोळ्याचं चुकूनही विचारायच्या नाहीत. एका सकाळी पापणी आपोआप उघडली आणि खिडकी जागेवर होती. हे सांगितलं तेव्हा बाईंनी खिडकीसमोर उभं राहून हात हलवला आणि हलतोय का, ते मला विचारलं.

पुढे बाई औरंगाबादला गेल्या. मी शिकून वसतिगृहाच्याच शाळेत शिक्षिका झाले. तिशीच्या आसपास तो उजेड हळूहळू मावळला. माय मरेपर्यंत दातालाच बोल लावत राहिली. उजेड गेल्याचा निरोप मी बाईंना धाडला. त्या आल्या नाहीत, फोनही नाही. मला फार राग आला होता, खोटं कशाला सांगू.

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी त्या आल्या, काठी टेकत. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. मग अगदी खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "अगं, ते दातामुळं तर न्हाई ना गेलं?"

एवढी शिकलीसवरलेली डॉक्टर! पण मला हसू फुटेना. कारण डोळ्यांच्या डॉक्टरांना मीही आधी तेच विचारलं होतं. जन्मापासूनचा पडद्याचा आजार, दाताचा तिळमात्र संबंध नाही, असं त्यांनी साफ सांगितलं होतं. ते मी बाईंना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं.

"मंग बरं," त्या म्हणाल्या. "हे विचारायची भीती वाटायची, म्हणून तर आले न्हाई गं इतकी वर्षं."