जेवणानंतर एक

"थायरॉईड नॉर्मल आहे. हे डिप्रेशन आहे," कर्जतच्या डॉक्टरबाई म्हणाल्या आणि मला वाईटच वाटलं. थायरॉईड निघाला असता तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं.

खालापूरच्या स्टँडजवळ माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. तिथे मी कात्री हातात धरून नुसती बसून राहायला लागले. पहाटेच जाग यायची, अन्नाला चव नसायची. मुलगी बिलगली तरी आत काही हलायचं नाही. आपण नसलेलं बरं, असंही मनात यायचं. ते मी डॉक्टरांना सांगितलं. तुम्हीही सांगा, लपवू नका.

त्यांनी समजावलं, मेंदूतल्या पेशी एकमेकींना रसायनांतून निरोप देतात. सेरोटोनिन त्यातलंच एक. ते कमी पडतं एवढीच गोष्ट नसते. आनुवंशिकता, ताण, झोप, सगळ्यांचा हात असतो. पेशी सोडलेलं सेरोटोनिन परत ओढून घेतात. एसएसआरआय जातीची गोळी ते ओढणं मंद करते. मग मेंदू हळूहळू सावरतो, म्हणून गुण यायला काही आठवडे जातात.

गोळी सुरू केली. श्रावणभर नुसती मळमळ. गणपतीत मोदक गोड लागला, तेव्हा मी रडले.

मग घट बसले. आमच्याकडे नऊ दिवस चहा-दुधावर उपास असतो. गोळीच्या पाकिटावर लिहिलं होतं, 'जेवणानंतर एक'. जेवणच नाही तर गोळी कसली, असा मी शहाणीने हिशेब केला. चार-पाच दिवसांत चक्कर, डोक्यात झिणझिण्या, आणि सगळं जुनं परत.

डॉक्टर फोनवर म्हणाल्या, "या गोळीचं व्यसन लागत नाही, पण ती अशी एकदम बंद करायची नसते. आज जेवा, गोळी घ्या, उद्या दाखवायला या."

पण उपास मी बरं होण्यासाठीच धरला होता. मोडला आणि देवी कोपली तर? ताट पुढ्यात, घास उचलवेना. नवरा समजावून थकला.

सासूबाई बघत होत्या. चहावाचून त्यांचं पान हलत नाही. त्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"तुजा उपास आता माज्याकडं."

एका पोटाने दोन उपास कसे धरणार, मी विचारलं.

"माजा हाय चहावर. तुज्यासाटी चहा सोडला. जेव गं बाय, आनि गोळी घे."

मी जेवले. उरलेले दिवस त्या कपाळाला फडकं बांधून पडून होत्या.

मी अजून पुरती बरी नाही. काही दिवशी कात्री उचलवत नाही. गोळी चालू आहे. कधी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील.

यंदा घट बसले त्या दुपारी मी सासूबाईंना चहा नेला. त्यांनी कप बाजूला सारला आणि विचारलं, "तू जेवलीस ना?"