काळ्या तेलाची डबल बेल

जगातला प्रत्येक माणूस, प्रत्येक वस्तू आणि प्रत्येक संकट हे मुळात एसटीचं प्रवासी आहे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे आणि तो म्हणजे माझ्या ताईचे सासरे. आम्ही सगळे त्यांना मामाजी म्हणतो, पण उमरखेडच्या बाजारात ते अजूनही कंडक्टरसाहेबच आहेत. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांची कातडी पिशवी खांद्यावरून उतरली नाही. पंगतीत वाढताना ते पाहुण्यांना “सरका, सरका, मंधात जागा हाय” म्हणतात. ताईच्या लग्नात अंतरपाट धरायला उशीर झाला तेव्हा भर मांडवात “गाडी लेट हाय” अशी घोषणा त्यांनीच केली होती. ताप आला तर डॉक्टरांना विचारतात, “हा कुठवर जाईल?” आणि ताप उतरला की म्हणतात, “उतरला बावा आपल्या स्टॉपवर.”

असा माणूस निवृत्तीनंतर देवळात बसेल, असं ताईला वाटलं होतं. मामाजींनी मात्र जळकं तेल गोळा करायला घेतलं. भजे आणि आलुबोंडे तळून तळून काळं पडलेलं तेल पुन्हा खाण्यात येऊ द्यायचं नाही, ते परवानगी असलेल्या माणसाकडेच द्यायचं आणि त्याने ते डिझेल बनवणाऱ्या कारखान्याकडे पाठवायचं, असा नियम आहे. नियम म्हटला की मामाजींचे डोळे चमकतात. त्यांनी नगरपरिषदेची परवानगी काढली, हातगाडी घेतली, तिच्यावर निळे डबे ठेवले आणि दांड्याला पितळेची घंटा बांधली. एका गाड्यावरून दुसऱ्या गाड्याकडे निघताना ते गाडी सोडायची डबल बेल देत, क्षणभर थांबत आणि मग स्वतःच गाडी ढकलत. घंटा वाजवणारे तेच, ढकलणारेही तेच. मग ते मधलं थांबणं कशासाठी, म्हणून आम्ही दोघी बहिणी तोंडाला पदर-ओढण्या लावून हसायचो.

तेल कधी बाद झालं हे ठरवायची त्यांची रीत त्यांची स्वतःचीच होती. काचेच्या वाटीत तेल घ्यायचं, खाली एसटीचं जुनं तिकीट ठेवायचं आणि तेलातून तिकिटाचा नंबर वाचायचा. नंबर दिसला नाही की हुकूम सुटे, “हे रिटायर झालं. उतरवा.” बसस्टँडसमोरच्या बोंडेवाल्या काकू एकदा म्हणाल्या, “कंडक्टरसाहेब, तुमचाच चष्मा जुना झाला असंन.” मामाजींनी शांतपणे चष्मा पुसला, वाटी पुन्हा उचलली आणि म्हणाले, “चष्मा पुसून बी तेल काळंच हाय, बाई. आता सांगा, कोण जुनं झालं?” काकूंनी कढई रिकामी केली. गाड्यावर ठेवलेल्या प्रत्येक रिकाम्या डब्याला आधीच तारेने एक पंच केलेलं तिकीट बांधलं जाई आणि तसंच दुसरं तिकीट काकूंच्या हातात पडे. “सामानाले तिकीट लागते,” एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

तेलाच्या या ध्यासामागे एक गोष्ट होती, ती मला फार उशिरा कळली. मामाजींबरोबर वर्षानुवर्षं एकच ड्रायव्हर होते. मामाजी घंटी मारायचे, ते गाडी काढायचे, आणि प्रत्येक थांब्यावर उतरून भजे खायचे. ते अकाली गेले. डॉक्टरांनी भज्यांना दोष दिला नव्हता, तो मामाजींनी स्वतःच देऊन टाकला. “मी त्याले कधी म्हणलं नाई, का कढईतलं तेल पाहून खा बावा,” असं ते एकदाच माझ्याशी बोलले आणि लगेच पंच साफ करायला लागले.

सगळं सुरळीत चाललं असताना डबे चोरीला जायला लागले. चूक मामाजींचीच होती आणि ती एसटीच्या माणसानेच करावी अशी होती. त्यांनी प्रत्येक गाड्यावर वेळापत्रक चिकटवलं होतं. मंगळवार आणि शुक्रवार, बोंडेवाल्या काकूंकडे दोन वाजून दहा मिनिटं. चोर दोनला पाच कमी असताना यायचा. उन्हासाठी तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. तसा तर अर्धा जिल्हाच गुंडाळतो. पहिल्या वेळी त्याने “कंडक्टरसाहेबानं पाठवलं” म्हणून सरळ काकूंकडूनच डबे उचलून नेले, पुढे काकूंची पाठ वळली की गाड्यामागून.

“वेळेच्या आधी आला आन् तुम्ही देऊन टाकलं?” मामाजी कळवळले. “एसटी लेट येऊ शकते. लवकर कधी येते का?”

“आमाले वाटलं, सरकार सुधारलं,” काकू म्हणाल्या.

हे तेल गाळून, चांगल्या तेलात मिसळून पुन्हा लोकांच्या पोटात जात होतं, याबद्दल मामाजींना शंका नव्हती. पण पुरावा नव्हता. तेवढ्यात नगरपरिषदेचं पत्र आलं: पंधरा दिवसांत चोऱ्या थांबल्या नाहीत तर परवानगी रद्द. त्या दिवशी मामाजी जेवले नाहीत. मी म्हटलं, आधी ती वेळापत्रकं फाडा. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी बस जाळायला सांगितली होती. “वेळापत्रक काढलं तं चोर जिंकला, पोरी. लोकायनं कोणाच्या भरवशावर उभं राहाचं?”

मग ते कृषी केंद्रात गेले आणि कपाशीवर फवारायचं निंबोळी तेल घेऊन आले. काकूंना रिकामा डबा देतानाच त्याच्या तळाशी थोडं निंबोळी तेल. वरून काळं तेल पडलं की सगळं कडू. कारखान्याला विचारून झालं होतं. तिथला माणूस म्हणाला, “खुशाल टाका, यंत्राला चव कळत नाही.” पण मी भडकले. हे कुणाच्या पोटात गेलं तर? मामाजी म्हणाले, “जिभीच्या पुढं जात नाई ते. आन् डब्यावर लिहून ठेवू. तुले लिहाची लय हौस हाय, तूच लिही.” मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली मुलगी; आमच्या घरी दुधाच्या हिशेबाच्या कागदामागेही जाहीर आवाहन असायचं. मी लिहिलं. सुरुवात ‘जागरूक नागरिकांनो’ अशी होती, मग नफेखोरांचा निषेध, मग कष्टकऱ्यांच्या आरोग्याचा प्रश्न, आणि यात निंबोळी तेल आहे, खाऊ नये, हे अकराव्या ओळीत. चोराने अर्थातच अकरा ओळी वाचल्या नाहीत.

पंधरवड्याचे शेवटचे दोन दिवस उरले होते आणि घरात मामाजींच्या मुलीचं, म्हणजे ताईच्या नणंदेचं साक्षगंध होतं, साखरपुडाच तो. सकाळी अकराला पाहुणे बसले. ताटं फिरली. गरम मुंगवडा मुलाच्या वडिलांनी तोंडात टाकला आणि त्यांचा चेहरा असा झाला की ताईच्या हातून चटणीची वाटी सुटली. ते उठले आणि मांडवाबाहेर जाऊन थुंकले.  मामाजींनी त्याच ताटातला वडा उचलला, चावला, तेही थुंकले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, “माह्यं हाय! हे माह्यं तेल हाय!”

व्याह्यांना वाटलं, माणूस वेडा झाला. मामाजी तोपर्यंत कढईपाशी पोचले होते. तिथल्या निळ्या डब्याच्या तारेला पंच केलेलं तिकीट अजून लटकत होतं, आणि माझ्या जाहीर आवाहनाचा वरचा अर्धा भाग. आचारी घाबरून सांगायला लागला, “स्वस्त भेटलं जी, मालऑटोवाल्याकडून घेतलं.” बोंडेवाल्या काकू पाहुण्यांतच होत्या, घरी धावत जाऊन त्यांनी आपलं तिकीट आणलं. दोन्ही तिकिटं जुळली. दुपारपर्यंत नगरपरिषदेचा माणूस नमुना घेऊन गेला, आणि ताईने घरातलं शेंगदाण्याचं तेल काढून पुऱ्या तळल्या. व्याही पुरी खाताना म्हणाले, “सोयरीक इथंच करू. जेवता जेवता चोर सापडते असं घर आपण तं नाई पाह्यलं.”

ऑटोवाला सापडला, त्याला आणि आचाऱ्याला दंड झाला. मी रागाने ऑटोवाल्याच्या नावाचं पत्रक लिहिलं, ठळक अक्षरात, छापायलाच निघाले होते. मामाजींनी ते वाचलं, घडी घालून कातडी पिशवीत टाकलं. “विदाऊट तिकीट सापडला तं दंड घ्याचा, पोरी. पण जंगलात उतरवून द्याचं नाई. लोकं घरी कसे जातीन?” मी खूप भांडले. तत्त्वाचा प्रश्न होता. अजूनही वाटतं की होता.

परवानगी राहिली. उलट आजूबाजूच्या बाजारगावांचं कामही मामाजींकडे आलं. हातगाडी पुरेना, तेव्हा त्यांनी मालऑटो लावला. कुणाचा, ते सांगायला नको. पहिल्या मंगळवारी मी मुद्दाम बघायला गेले. ऑटोवाला खाली मान घालून हँडल धरून बसलेला. मागे निळ्या डब्यांमध्ये मामाजी, खांद्याला पिशवी. घंटा आता ऑटोच्या दांडीला होती. दोन दहाला काकूंचा डबा चढला. मामाजींनी डबल बेल दिली आणि सवयीने क्षणभर थांबले.

ऑटो लगेच निघाला.

मामाजी दचकले. तोल सावरायला त्यांनी दांडी धरली आणि समोर त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघत राहिले. इतक्या वर्षांनी त्यांच्या घंटीवर कुणीतरी गाडी काढली होती. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि ऑटो वळणावर जाता जाता मला त्यांचा आवाज ऐकू आला, “हळू घे बावा. पुढच्या स्टॉपवर भजे खाऊ. तेल पाहून.”