नळ उघडण्याआधी

फौजेत होतो, राजस्थानात पोस्टिंग होती. मी पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर. शाळा दुसरीपर्यंत. पण वाळूत माझ्यावानी गाडी कुणी काढली न्हाई, हे आजबी छातीठोक सांगतो.

सकाळी सहाला टँकर भरायचा, नऊला पुढच्या चौकीवर. तिथं नऊ जवान. नळ उघडण्याआधी मी टोपी काढून मोठ्यानं म्हणायचो, "प्रभू, या पाण्याबद्दल तुझे उपकार." आमचं घर ख्रिस्ती. आभार मानल्याबिगर आई पेला तोंडाला लावू देत नसे.

चौकीवर लान्स नायक शिवराज होता. आमच्याच लातूरकडच्या देवणीचा, महादेवाचा भक्त. लई हसायचा. "याकोबा, तुझा देव बहिरा हाय का रं? हळू बोल की!"

आमचा लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झालेला. जिल्हा नवा, दुष्काळ जुनाच. घरचं पत्र आलं. अहमदपूरजवळची आमची विहीर आटली होती. आई लांबून डोक्यावर घागर आणत होती. माझं डोकं फिरलं. ठरवलं, आता उपकार बंद. आणि मी एकदा ठरवलं की ठरवलं.

दुसऱ्याच दिवशी वाळूचं वादळ सुटलं. दोन दिवस गाडी निघाली न्हाई. तिसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर शिवराजचा आवाज आला.

"पाणी संपलं. एक जवान बेशुद्ध. ओव्हर."

सुभेदार साहेब म्हणाले, "रस्ता बुजलाय. जाशील?"

"जातो, साहेब."

टँकर दोनदा रुतला. हातानं वाळू उपसली, चाकाखाली पत्रे घातले. दुपारी तीन चाळीसला पोचलो. उपकार न मानताच नळ उघडला. फडकं भिजवून आधी बेशुद्ध जवानाच्या तोंडावर फिरवलं. त्यानं डोळे उघडले. नंतर बाकीच्यांचे मग भरले.

कुणी पीना.

शिवराजचे ओठ फाटले होते. म्हणाला, "याकोबा, तुझं राहिलं."

"सोडलंय मी ते."

"आमी न्हाई सोडलं. म्हण लवकर, जीव चाललाय."

टोपी काढली. ती हातात चुरगाळत राहिलो. तेव्हा शिवराजच म्हणाला, चांगला मोठ्यानं, "प्रभू, या पाण्याबद्दल तुझे उपकार."

मग सगळे घोट घोट प्याले. नऊच्या नऊ जिवंत. मी टँकरच्या सावलीत बसलो. टोपीनं तोंड झाकलं. कुणी विचारलं तर सांगितलं, ऊन लागलं.

चार महिन्यांनी गस्तीवर जुन्या लढाईतला सुरुंग फुटला. शिवराज गेला. सुट्टीत देवणीला त्याच्या घरी गेलो. तिथंबी पाण्याचे हाल. तरी त्याच्या आईनं तांब्या काठोकाठ भरून पुढं केला. मी टोपी काढली, उपकार मानले, मगच प्यालो. माउली म्हणाली, "हाव, तो याकोबा तूच का? पत्रात तुझंच लिहायचा तो."

आमच्या चर्चच्या मंडळीत दरवर्षी सुगीची उपकारस्तुती होते. लोक ज्वारी आणतात, तूर आणतात. मी पाण्याचा तांब्या ठेवतो आणि लान्स नायक शिवराजचं नाव घेतो. पाळक नवे हायेत. म्हणतात, "बाबा, जरा हळू."

मी मोठ्यानंच घेतो.