भाज्यांचं पाणी

१९९७ च्या ऑक्टोबरात जपानमधल्या एका कारखान्यांच्या शहरात माझ्या नवऱ्याचे ऑपरेशन झाले. अपेंडिक्स फुटून पोटात पू पसरला होता. नाशिकच्या कंपनीने त्याला दोन वर्षांसाठी तिकडे पाठवले होते आणि मी इथल्या एका दैनिकातली उपसंपादकाची नोकरी सोडून सोबत गेले होते.

भेटीची वेळ तीन ते सात. पहिल्या दिवशी परिचारिकेने माझ्या हातात प्लास्टिकची पिशवी दिली. आत तुळशीचे मणी आणि कापलेला दोरा. ऑपरेशनपूर्वी अंगावरचे सगळे उतरवतात, तशी तिने माळही कात्रीने उतरवली होती. नवरा माळकरी घरातला. माळ तुटली तर ती पुन्हा गळ्यात पडेपर्यंत अन्न नाही, हा घरचा नियम. मी पलंगाशेजारी बसून मणी ओवले. पलंगाच्या दांडीला अडकवलेल्या पिशवीत पोटातले तपकिरी पाणी नळीने ठिबकत होते. मी दोनदा हात धुतले. वास गेला नाही.

चौथ्या दिवशी पेज आणि सूप सुरू झाले. माळ गळ्यात होती, तरी तो तोंड लावेना. सूपात मासळी असणार आणि पेजही त्याच स्वयंपाकघरातली, असे त्याचे म्हणणे. घरचा डबा आणायला परवानगी नव्हती. कोणी दहापैकी किती भाग खाल्ले, ते परिचारिका ताटावरच्या चिठ्ठीवर लिहून ठेवी. दोन दिवस शून्य. डॉक्टर म्हणाले, असेच चालले तर जखम भरणार नाही. नाकातून नळी घालावी लागेल.

मी आहारतज्ज्ञ बाईंना गाठले. मांस-मासे बंदच केलेत, त्या म्हणाल्या. मी आणखी खोदून विचारले, तेव्हा त्यांनी एक डबा उघडला. आत वाळवलेल्या माशाचा कीस होता, रंधा मारल्यावर पडतो तसा. सूपाचे पाणी हा कीस घालून उकळतात. त्यांच्या लेखी तो मासा नव्हताच. मी बाहेर येऊन ओकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकच्या द्वारका चौकातल्या एसटीडी-आयएसडी बूथवरून सासूबाईंचा फोन आला. पोराने अन्न टाकले हे ऐकून त्यांच्या आवाजात काळजीपेक्षा अभिमान जास्त होता.

"माळकऱ्याचा पोर हाय तो. उपाशी राहील, पण बाटायचा नाय."

मला त्या अभिमानाची किळस आली. त्याच्या हट्टाची आधीच आली होती.

संध्याकाळी ताट आले. मी सूपाची वाटी त्याच्यापुढे धरली.

"यात मासळी नाही ना?"

"नाही. भाज्यांचं पाणी आहे."

"तू विचारलंस?"

"विचारलं. आत जाऊन बघून आले."

तो प्यायला. वाटी तिरकी करून शेवटचा घोटही घेतला आणि चव बरी आहे म्हणाला. मग पेज संपवली. त्याच्या मिशीला लागलेले सूप मी माझ्या रुमालाने टिपले. तो रुमाल मी इस्पितळाबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला. बोटांना त्या माशाच्या किसाचाच वास येत होता. पुढचे नऊ दिवस मी तीच वाटी धरली.

आम्ही नाशिकला परतलो. जपानात राहून पोरगा बाटला नाय, सुनेने राखला, असे सासूबाई आल्यागेल्याला सांगत. अशा वेळी मी पाणी आणायला आत जाई. २००४ मध्ये त्या गेल्या. नवऱ्याला मी सांगितलेले नाही.

त्या संध्याकाळची चिठ्ठी माझ्याकडे आहे. तिच्यावर पेन्सिलीने दोन आकडे आहेत: पेज दहा, सूप दहा.