बरगडीवरचा हात

मोबाइलवर अक्काचं नाव आलं की मी आधी पोट आत घ्यायचो. फोनवर तिला काय दिसत नव्हतं, पण सवय. त्या दिवशीबी तसंच झालं. एका लग्नाच्या लॉनबाहेर मी आमच्या घोडीच्या, शबनमच्या पोटाखाली वाकून पट्टा आवळत व्हतो आन् फोन वाजला. पोट आत घेतलं आन् लई अदबीनं म्हणलं, "व्हय अक्का, पाणी पाजलं, सावलीत बांधली." तिकडून भाची बोलली... "मामा, आई गेली." मी तसाच उभा. श्वास सोडायचं ध्यानातच राह्यलं नाय. नवरदेवाच्या बापाला वाटलं मलाच काय तरी झालं. त्यानं घोडीच्या आधी मला पाणी पाजलं.

त्याला आता दीड महिना झाला. मला लिहाय-वाचाय येत नाय. शाळेत मी गेलो ते निस्ता दुसऱ्याच्या बकऱ्या हाकायला. म्हणून मी बोलतोय आन् भाची टाइप करतीय. मधीच ती रडती तेव्हा मी थांबतो. मी रडलो की ती इचारती, मामा, हे लिहायचं का?

अक्का म्हंजे माझी थोरली बहीण, गयाबाई. दाजी टांगा चालवायचे. टांगे बंद पडले, मागून दाजीबी गेले, मग अक्कानं घोडी वरातीला लावली. बाईमाणूस घोडी घेऊन येती म्हणून लोक आधी हसायचे, पण मागून मी दिसलो की तिला हसायचं इसरून जायचे. लगाम धरायचं काम माझं. बँडवाले म्हणायचे, दोघांतली घोडी कोणती तेवढं सांगा, नवरदेव चुकून तुमच्यावर बसंल.

घोडी कशी बघायची ते अक्कानं माझ्याच हातावर शिकवलं. म्हणली, मूठ आवळ, वरच्या हाडांवरून बोट फिरव. बरगड्या अशा लागल्या तर घोडी उपाशी. आता हात उघडून पालथा धर, वरून बोट फिरव. वर मऊ, खाली हाड... असं लागलं तर बरोबर. आन् तळव्यावानी निस्तंच गुबगुबीत लागलं तर ती चरबी. एवढं सांगून तिनं माझ्या बरगडीत बोट घातलं, बराच येळ शोधलं आन् म्हणली, "बाबू, तुला बरगड्या देल्याच नायत का रं?"

माझ्या पोराचं, आनंदचं लगीन ठरलं तेव्हा अक्कानं आधीच सांगून टाकलं, परण्याची मिरवणूक घोडीवरनं निघंल, आन् वरच्या चौकातूनच जाईल. आमचं गाव फुलंब्रीच्या पल्याड. लग्नाआधी नवरदेवाला गावातून फिरवायची रीत सगळ्यांचीच, पण आमच्या बुद्धवाड्यातला नवरदेव घोडीवर बसून त्या चौकातून कधी गेला नव्हता. एकदा एकाची मिरवणूक जीपमधून निघाली, तर चौकात बैलगाड्या आडव्या लागल्या. कुणी काय बोललं नाय. जीप माघारी फिरली, बस.

तर त्या लग्नाच्या महिनाभर आधी मी शबनमला गावाकडं नेऊन ठिवली. काम नव्हतं, आन् वाड्यातल्या बायांना लई कौतुक. कुणी गूळ, कुणी भिजवलेले हरभरे, कुणी तूप लावून भाकर. घोडी अशी टरारली की उन्हात चमकायची. मी छाती काढून फिरायचो. अक्का आली, बघून हसली नाय. बरगडीवर हात फिरवला, मान चेपली, शेपटीच्या मुळाशी बोट दाबलं. म्हणली, "ही जाड झाली, तयार नाय झाली. चौकाच्या चढावर बसंल." मग माझ्याकडं बघून हळूच म्हणली, "तिथं घोडी बसली तर घोडीचं नाव नाय निघायचं बाबू. आपलं निघंल."

मी म्हणलं उपाशी ठिवू का? तर म्हणली, उपाशी ठिवून हाडं निघतील, दम नाय येणार. गूळ-हरभरा बंद, साधा चारा, आन् चाल. रोज सकाळी उजाडताच अक्का पुढं, शबनम मधी, मागून मी. आधी सपाट रस्त्याला, मग माळाच्या चढाला. वर पोचलं की अक्का तिच्या कुशीला हात लावून उभी राह्यची, श्वास किती येळात खाली येतो ते बघायची. मी तोवर आडवा पडलेलो असायचो. माझ्या कुशीला कुणी हात लावला नाय. लग्नाच्या सकाळी अक्कानं पुन्हा हात फिरवला आन् म्हणली, "भरली हाय. पर चढावर एकदा दम घेणार. कुठं घेईल ते मला सांगता येत नाय."

आन् तिनं घेतला तो ऐन चौकात.

दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं बसलेली. कुणी हसत नव्हतं, कुणी शिवी देत नव्हतं, त्याचंच जास्त भ्या वाटत व्हतं. मी लगाम धरला व्हता, म्हंजे खरं तर लगामाला धरून उभा व्हतो. अक्का बाजूनं, झुलीखाली हात घालून, तळवा बरगडीवर. चौकात आलो आन् तिनं मला थांब म्हणून खूण केली. म्हणलं अक्का, हितं नको, दहा पावलं पुढं जाऊ. तिनं ऐकलंच नाय. मागून पोरं वरडायला लागली, चला चला. डीजे धडाडत व्हता. आनंद वरून वाकला, तर म्हणली, "काय नाय, घोडी दम घेतीय. सरळ बस."

मग ओट्यावरून नाना उतरले. गावातलं सगळ्यात जुनं घर त्यांचं, एकेकाळी दारात घोडा असायचा. आमची पोरं एकमेकाला चिटकून पुढं सरकली. नाना सरळ अक्कापाशी आले.

"गया, का थांबली?"

"घोडी दमली, नाना."

"मग उतरव त्याला खाली."

अक्कानं बरगडीवरचा हात काढला नाय. म्हणली, "उतरवायसारखी दमली असती तर तुम्ही सांगायच्या आधीच उतरवला असता. हात लावून बघा."

नाना थांबले... आन् मग त्यांनी झुलीखाली हात घातला. आनंदचा बूट त्यांच्या खांद्याला लागत व्हता. सगळा चौक त्या हाताकडं बघत व्हता. बऱ्याच येळानं म्हणले, "थांबू दे. बसंल दम. पर ते वाजवणं बंद करा." पोरं भडकली, हे बंद करा म्हणणारे कोण? अक्का वळली. "मी म्हणते. बंद करा."

बंद झालं. मग जी शांतता पडली ती मी कधी इसरणार नाय. अख्ख्या गावासमोर, चौकाच्या मधोमध, माझं पोरगं घोडीवर, आन् आम्ही सगळे एका घोडीच्या श्वासासाठी उभे. शेवटी शबनमनं नाकातून फुर्र केलं, मान झाडली. अक्कानं नानाकडं बघितलंबी नाय. पोरांना म्हणली, "वाजवा आता." नानांनी हात काढला, ओट्यावर जाऊन बसले. आम्ही पुढं गेलो.

संध्याकाळी मांडवात मी तिला इचारलं, घोडीला जास्त झालं असतं तर खरंच उतरवला असता? "व्हय. तिथंच." मला लई राग आला. पोराच्या लग्नाचं जेवण मी रुसून कमी खाल्लं, म्हंजे दोनदाच वाढून घेतलं. पण नंतर कळलं, ती उतरवणार व्हती, म्हणून तर नानाला तिचं थांबणं पटलं...

आता चिकलठाण्याला, घोडी बांधतो त्या पत्र्याच्या शेडाचं दार सकाळी मी उघडतो. शबनम चाऱ्याकडं जात नाय. अक्का चाऱ्याआधी रोज बरगडीवर हात फिरवायची, तशी कूस माझ्याकडं करून आडवी उभी राहती. मी हात ठिवतो, घाईनं काढतो, तर ती हलत नाय. मग मी पुन्हा ठिवतो. खाली हाड लागतं, वर मऊ. वरातीचं सामान न्यायला आलेला रिक्षावाला बाहेरून हाका मारतो, बाबूमामा, चला की. मी म्हणतो, थांब जरा. अजून तिचं झालं नाय.