वल्हवत बोला

१८ जानेवारी १९८७, रविवार, सकाळी सात वाजता आम्ही नाव पाण्यात ढकलली. आम्ही म्हणजे मी आणि माझे व्याही. तलाव वडीगोद्रीजवळच्या त्यांच्या गावचा. नाव तिथल्या भोयाकडून मागून घेतलेली. संक्रांत झाली की सुनेला नांदायला पाठवा, असा त्यांचा निरोप होता. माझ्या मुलीच्या डी.एड.ची शेवटची परीक्षा उरली होती. तेवढी मुदत मागण्यासाठी मी आदल्या सायंकाळी जालन्याहून आलो होतो. परंतु घरात माणसांचा राबता, बोलणे जमले नाही.

वल्ही मीच घेतली. मुलीच्या बापाने नुसते बसून राहणे मला प्रशस्त वाटेना. व्याही समोर बसून तंगुसाची, म्हणजे नायलॉनची, दोरी मागे सोडत होते. गळाला गांडूळ, हातभर वर शिशाचा लहान तुकडा. नाव संथ चालली, तर गळ तळापासून थोडा वर राहून मागे येतो आणि तळहाताएवढी चिलापी मासळी त्याच्यामागे लागते. नाव पळाली की गळ वर उचलला जातो. थांबली की तळाला बसतो.

माझी नाव पळत होती.

"व्याही, एस्टी सुटून राह्यली का तुमची? जरा दमानं!"

मी वेग कमी केला. मग विषय काढायचा म्हणून वल्ही पूर्ण थांबवली. हात चालवत असे काही मागणे मला अशिष्ट वाटले. गळ खाली गेला आणि बुडालेल्या बाभळीच्या खुंटात अडकून तुटला.

"थांबता कशाला हो? गेला ना गळ! बोलायचं तं वल्हवत बोला."

त्यांनी दुसरा गळ बांधला. मी वल्हवत बोललो, एका ओढीला एक वाक्य. परीक्षेपर्यंत मुलीला आमच्याकडे राहू द्यावे. ती संपताच मी स्वतः आणून सोडीन.

दोरी त्यांच्या बोटावर थरथरली. झटका न देता त्यांनी ती ओढून घेतली. चिलापी नावेत येऊन पडली.

"एवढंच?" ते म्हणाले. "काल आल्यापासून तुमचं तोंड पाहून राह्यलो. म्हणलं, पोरीला धाडायचंच न्हाई म्हणता की काय. रातभर डोळा न्हाई लागला माझा. होऊ द्या परीक्षा, बिलकुल होऊ द्या. अन् आता बराबर वल्हवा, मासळी इथंच हाय."

सकाळची थंडी मला तेव्हा प्रथम जाणवली. वेगाबद्दल त्यांना पुन्हा सांगावे लागले नाही. मासे बरे मिळाले.

दुपारच्या एस्टीने परतलो. मुलीला एका वाक्यात सांगितले. ती मान हलवून आत गेली. मी जुन्या जालन्यातून शंभर वॅटचा बल्ब आणला आणि तिच्या टेबलावरचा चाळीसचा काढून तो लावला.