चाकांच्या खुर्च्या

मीटिंगच्या खोलीत मान मागे वळवली की काचेतून मला माझी जुनी जागा दिसते. आता तिथे बसणाऱ्या मृणालने आज हात वर केला. प्रोग्राममधली छळणारी चूक एकदाची सापडली की हात वर करायचा आणि बाकीच्यांनी बसल्या बसल्या खुर्च्या ढकलत तिथे जायचं, ही आम्हा इंजिनिअरांची पद्धत. खुर्च्या सरकल्या. काचेमुळे आवाज आला नाही.

प्रॉडक्ट मॅनेजर झालो तेव्हा वाटलं होतं, काय बनवायचं ते आता मी ठरवेन. ठरवतो काय, तर दुसऱ्यांच्या कामाच्या तारखा.

माझ्या पायांनी नकळत जमिनीला रेटा दिला. खुर्ची मागे जाऊन काचेवर आपटली. बाहेर कुणी वळूनही पाहिलं नाही.

स्क्रीनवरून क्लायंट म्हणाले, "तारीख सांगताय ना?"

मी खुर्ची टेबलाशी ओढली आणि सांगितली.